वर्दी उतरल्यावर: वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त ब्रिगेडिअरची उत्तरं

मागच्या अंकात मी माझ्या दुसऱ्या कारकिर्दीबद्दल लिहिलं होतं. १९८३ ते २०१७ तोफखान्यात काढली, ब्रिगेडिअर म्हणून निवृत्त झालो, मग दोन वर्षं दिल्लीतल्या एका अभ्याससंस्थेत संरक्षण धोरणावर काम केलं. तेव्हापासून कंपन्यांना सल्ला देतो, आता छत्रपती संभाजीनगरातल्या घरी बसून. त्या लेखावर आलेली पत्रं सगळी वाचली. ज्या पत्रांत अनेकांच्या मनातलं आलं आहे, ती इथं घेतो. पत्र लिहिणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत.

वाळूजचे एक लघुउद्योजक विचारतात: माझं छोटं वर्कशॉप आहे, अठ्ठावीस माणसं. दुचाकीच्या वायरिंग हार्नेसचं, म्हणजे विजेच्या तारांच्या बांधलेल्या जुडग्यांचं, काम करतो. दोन वर्षांत ऑर्डरी घटल्या, म्हणून संरक्षण खात्याला माल द्यावा असं मनात आहे. एक निवृत्त अधिकारी भेटले. म्हणाले, "दिल्लीत माझी माणसं आहेत. सहा लाख आधी द्या, काम झाल्यावर पाच टक्के." द्यावेत का?

देऊ नका. एक रुपयासुद्धा देऊ नका.

"दिल्लीत माझी माणसं आहेत" ही तुमच्या पत्रातली ओळ मी तीनदा वाचली आणि वाईट वाटलं, कारण असं बोलणारा माणूस माझ्याच बिरादरीतला आहे. ते ज्या खरेदीच्या गोष्टी सांगतात, तिथं त्यांच्या माणसांच्या हातात फारसं काही नसतं. जिथं असतं, तिथं ते करणं गुन्हा आहे. मोठ्या खरेदीत कंपनीकडून सचोटीचा करार आधीच सही करून घेतात. कुणाला दलाली दिली असं नंतर उघड झालं तर करार रद्द होऊ शकतो, अनामत जाऊ शकते, कंपनीचं नाव काळ्या यादीत जाऊ शकतं. तशी वेळ आली तर हे गृहस्थ तुमचा फोन उचलणार नाहीत, आणि अठ्ठावीस घरांचा पगार मात्र तुम्हालाच करायचा आहे.

खरेदी कशी चालते ते थोडक्यात सांगतो. नवी तोफ किंवा रडार हवं असेल तर सैन्य आधी आपली गरज कागदावर लिहितं. आम्ही त्याला जीएसक्यूआर म्हणतो. मग संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची खरेदी परिषद ती गरज मान्य करते. त्यानंतर निविदा निघते, कागदावरची तांत्रिक तपासणी होते, मैदानावर चाचण्या होतात, चाचणी अहवालाची छाननी होते, भाव ठरतो, पैशाची मंजुरी मिळते आणि मग सही. २००२ साली याची सविस्तर लेखी पद्धत आली, नंतर ती अनेकदा बदलली. यात वर्षं जातात. पुण्याच्या एआरडीई प्रयोगशाळेनं आखलेली १५५ मिलिमीटरची एटॅग्स तोफ पाहा. तिचा पहिला गोळा २०१६ साली सुटला आणि ३०७ तोफांचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. एवढा काळ तग धरायला भारत फोर्ज आणि टाटांसारखी कंपनी लागते. तुम्ही या रस्त्याला लागूच नका.

तुमच्यासाठी सुट्या भागांची वाट आहे. ऑगस्ट २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयानं 'सृजन' नावाचं पोर्टल सुरू केलं. आजवर परदेशातून येणाऱ्या वस्तू आता इथंच कुणी बनवेल का, असं त्यावर विचारलेलं असतं. रात्री दुकान बंद करून चहा घेत तासभर ते बघत बसा. केबल, हार्नेस, कनेक्टर एवढेच शब्द शोधा. हे पोर्टल उघडायला कुणाची ओळख लागत नाही. एखादी नवी कल्पना असेल तर २०१८ पासून आयडेक्स योजना आहे. छोट्या उद्योगाला नमुना तयार करण्यासाठी दीड कोटीपर्यंत अनुदान मिळू शकतं, मात्र तुमचाही वाटा घालावा लागतो आणि पैसे टप्प्याटप्प्यानं येतात. बाकी बऱ्याचदा तुमचा खरा गिऱ्हाईक सैन्य नसतंच. सैन्याला यंत्रणा पुरवणारी मोठी कंपनी असते, आणि ती तुमच्याकडून हार्नेस घेते. वाळूजला तुम्ही दुचाकी कंपनीसाठी हेच करत आला आहात.

फरक पडतो तो तपासणीत. लष्करी विजेच्या सामानासाठी जेएसएस ५५५५५ नावाचं मानक आहे. त्यात उष्णता, थंडी, धूळ, खारं दमट हवामान, धक्के, सगळं येतं. तुमचा हार्नेस पावसात आणि उन्हात टिकतो हे मला माहीत आहे, मीही त्याच गाड्या चालवल्या आहेत. पण राजस्थानच्या वाळूतून निघून तीच वस्तू लडाखच्या हिवाळ्यात जाते. त्यासाठी वेगळी रबराची सील, वेगळं इन्सुलेशन आणि प्रत्येक बॅचची नोंद लागते. हे शिकायला वर्ष-दीड वर्ष धरा. तोवर दुचाकीचं काम सोडू नका.

सल्लागार घ्यायचाच असेल तर दिवसाच्या फीवर घ्या आणि काय काम करणार ते लेखी घ्या. निविदेतलं प्रत्येक कलम वाचून तुमची वस्तू कुठं बसते आणि कुठं बसत नाही याचा तक्ता त्यानं करून द्यावा. निविदापूर्व बैठकीत कोणते प्रश्न विचारायचे ते लिहून द्यावेत. चाचणीला तुमच्या माणसांबरोबर उन्हात उभं राहावं. टक्केवारी मागणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे फी कशाची असते ते कळेल. मी नोकरीत असताना हिवाळ्यात, उंचावर, एका दळणवळण संचाची चाचणी चालू होती. कंपनीचे सगळे अहवाल उत्तम होते. थंडीची, धक्क्याची, धुळीची, सगळ्या परीक्षा पास. संचाला केबल जोडायची तर आधी कनेक्टरची धातूची टोपी फिरवून काढावी लागायची. आमच्या एका हवालदाराच्या हातात दोन थरांचे हातमोजे होते. त्यानं टोपी चिमटीत धरली, ती निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. मग त्यानं उजवा हातमोजा दातांनी ओढून काढला, उघड्या बोटांनी टोपी फिरवली आणि केबल बसवली. जवळजवळ एक मिनिट लागलं. बोटं बाजूला घेतली तेव्हा तर्जनीची साल त्या धातूला चिकटून राहिली होती. तो काही बोलला नाही, हातमोजा चढवून पुढच्या कामाला लागला.

कंपनीचा इंजिनिअर शेजारीच होता. त्याची चूक नव्हती. आम्ही लिहिलेल्या गरजेत हातमोज्यांचा शब्दच नव्हता. त्या रात्री मी अहवालात एक वाक्य घातलं: हातमोजे घातलेल्या हातानं, अंधारात, न बघता जोडता आलं पाहिजे. पुढच्या नमुन्यात टोपी अंगठ्याएवढी जाड झाली आणि तिच्या कडेला खोल खाचा आल्या. खर्चात नाव घ्यावं असा फरक पडला नाही. तुमच्या हार्नेसकडे या नजरेनं बघणारा माणूस मिळाला तर त्याला हातचं राखून पैसे देऊ नका.

अंबाजोगाईचे एक निवृत्त मुख्याध्यापक लिहितात: तुमचा लेख वाचला, पण समाधान झालं नाही. टीव्हीवर निवृत्त अधिकारी रोज रात्री ओरडताना दिसतात. काही कंपन्यांच्या नोकरीत आहेत. देशानं दिलेला हुद्दा दुकानाच्या पाटीवर लावणं योग्य आहे का? पेन्शन पुरत नाही का?

गुरुजी, नमस्कार. हाच प्रश्न माझ्या आईनं विचारला होता. आम्ही गंगाखेड तालुक्यातले. मी कंपन्यांना सल्ला देणार असं तिला सांगितलं, तेव्हा ती शेंगा फोडत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "कामून रे बाबा, सरकारनं तुला एवढं शिकिवलं ते आता कंपनीवाल्याला विकायलास का?" तिला उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले.

आधी पेन्शनचं सांगतो. माझी पेन्शन पुरते. मुलगी नोकरीला आहे, घर आहे, गावाकडं शेत आहे. मी पोटासाठी हे करतो असं म्हणालो तर ते खोटं होईल. पण फौजेत निवृत्ती लवकर येते. कर्नल ५४ व्या वर्षी, ब्रिगेडिअर ५६ व्या वर्षी घरी जातो. जवान तर बहुधा चाळिशीच्या आतच. मला तोफा, दारूगोळा, रडार, चाचण्या यांखेरीज फारसं काही येत नाही, आणि जे येतं ते शिकवायला देशानं चौतीस वर्षं खर्च केला. आज तोफ सरकारी कारखान्याबरोबर खासगी कंपनीही बनवते. ती जवानाच्या हातात जाणार असेल, तर ती बनवणाऱ्याच्या शेजारी मी उभं राहणं मला चुकीचं वाटत नाही. आईला हेच सांगितलं. ती म्हणाली, "मग कुणाच्या खिशात हात घालू नको म्हंजे झालं."

तुमची शंका मात्र हवेतली नाही. २००१ च्या मार्चमध्ये तहलका या वृत्तसंकेतस्थळाच्या छुप्या कॅमेऱ्यासमोर शस्त्रांच्या खोट्या व्यवहारासाठी पैशाची बोलणी करणाऱ्यांत वर्दीतली माणसंही दिसली, हे सगळ्या देशानं पाहिलं. त्याआधी बोफोर्स. १९८६ च्या त्या करारातल्या दलालीच्या आरोपांनी आपल्या तोफखान्याचं एवढं नुकसान केलं की पुढची जवळपास तीस वर्षं परदेशातून नवी मोठी तोफ घेण्याचा करार झाला नाही. एम-७७७ तोफांचा करार थेट नोव्हेंबर २०१६ ला. आणि त्याच बोफोर्स तोफांनी १९९९ मध्ये कारगिल लढवलं. मी तेव्हा मेजर होतो, द्रासला होतो. तोफ उत्तम होती. दलालीच्या बातमीनं ती वाईट ठरली नाही, पण तिच्या मागून येणाऱ्या तोफांची वाट मात्र बंद झाली. दलालीचा राग मला तुमच्याइतकाच येतो, कदाचित थोडा जास्तच.

माझ्यावरही एकदा तशी वेळ आली. एका कंपनीनं मला सल्लागार नेमलं होतं. तीन महिने काम चांगलं चाललं. चौथ्या महिन्यात त्यांचा एक संचालक सकाळी साडेसातला घरी आला. चाचणी पथकाचा प्रमुख माझ्या जुन्या रेजिमेंटचा आहे हे त्यानं शोधून काढलं होतं. म्हणाला, "साहेब, फक्त एक फोन. तब्येतीची चौकशी करा, बाकी तो समजून घेईल." तो मुलगा, म्हणजे आता कर्नल, माझ्या हाताखाली लेफ्टनंट म्हणून आला होता. त्याच्या लग्नात मी होतो. मी त्याच दिवशी राजीनामा लिहून दिला. पुढचे पैसे त्यांनी थकवले, ते आजतागायत आलेले नाहीत. मीही मागितले नाहीत. त्या कर्नलला हे अजून माहीत नाही.

तेव्हापासून मी काही गोष्टी ठरवून टाकल्या आहेत. नोकरीत असताना ज्या खरेदीची फाइल माझ्या टेबलावरून गेली, त्या खरेदीचं काम घ्यायचं नाही. वर्दीतल्या माणसाला कंपनीच्या कामासाठी फोन करायचा नाही, दिवाळीच्या शुभेच्छांचासुद्धा त्या काळात नाही. फी लेखी आणि बँकेतून. घरचे म्हणतात फार कडक आहे. असू दे.

टीव्हीबद्दल तुमच्याशी सहमत आहे. मी दोनदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो नाही. तिथं चार मिनिटांत सैन्याची हालचाल समजावून सांगा म्हणतात. मला जे खरोखर ठाऊक आहे ते सांगायची परवानगी नाही, १९२३ चा गोपनीयता कायदा निवृत्तीनंतरही माझ्यावर लागू आहे. जे ठाऊक नाही ते आवाज चढवून सांगणं मला जमत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर सरकारला वाहिन्यांना लेखी सूचना द्यावी लागली, लष्करी कारवाईचं थेट प्रक्षेपण करू नका म्हणून. आमच्यातल्या कुणाला ती सूचना आधीच मनातून सुचायला हवी होती.

हिंगोलीहून एक विद्यार्थिनी: मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सैन्यशास्त्र विषय आहे. चष्म्याच्या नंबरामुळे सैन्यात जाता येणार नाही. संरक्षण धोरणाचं काम सैन्यात न जाता करता येतं का? आणि धोरण म्हणजे नेमकं काय करतात?

बाळा, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो.

द्रासला आमच्यावर पाकिस्तानी तोफांचा मारा व्हायचा. गोळा कुठून सुटला हे कळलं तर तिथं उलटा मारा करता येतो. त्यासाठी गोळ्याचा मार्ग टिपून तोफेची जागा सांगणारं रडार असतं. शत्रूच्या लांब पल्ल्याच्या तोफा शोधून देईल असं रडार आमच्याकडं नव्हतं. डोंगरावरचा निरीक्षक, नकाशा आणि कान, यांवर भागवत होतो. वर हवा विरळ, त्यामुळं गोळा माऱ्याच्या तक्त्यात लिहिल्यापेक्षा लांब जायचा. तक्तेही त्या उंचीसाठी केलेले नव्हते, बंकरमध्ये बसून पेन्सिलीनं दुरुस्त्या करायचो. रडार नसल्यामुळं जी माणसं गेली त्यातली काही माझ्या बॅटरीची, म्हणजे माझ्या तोफांच्या तुकडीची, होती. त्यांच्याबद्दल मी इथं लिहिणार नाही.

कारगिलनंतर २००२ साली अमेरिकेकडून तशी रडार घ्यायचा करार झाला. पुढं बंगळुरूच्या प्रयोगशाळेनं आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सनं 'स्वाती' हे आपलं रडार तयार केलं. ही वस्तू कधी घ्यायची, किती, कुणाकडून, त्या पैशात दुसरं काय सोडायचं, हे लढाईच्या आधी कुणीतरी टेबलावर बसून ठरवायचं असतं. ते ठरवणं म्हणजे धोरण. त्यावर कागद लिहिणारा माणूस कंटाळला, तर डोंगरावरचा माणूस उघडा पडतो. मी दिल्लीला शस्त्रास्त्र संचालनालयात बदली मागून घेतली ती एवढ्यासाठीच.

लिहिलेला कागद कुणी वाचला नाही तर काय होतं, तेही आपल्या महाराष्ट्रातल्या एका माणसाच्या आयुष्यात दिसतं. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात पूर्व कमांडचे प्रमुख होते, मूळचे कोल्हापूरकडचे. १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ईशान्य सीमेच्या संरक्षणाचा आराखडा वर पाठवला. चीन मोठ्या संख्येनं आला तर पुढच्या विरळ चौक्या टिकणार नाहीत, मागं भक्कम फळी धरून लढावं लागेल, असा त्याचा सारांश. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा नकाशावरचा सराव घेऊन त्यांनी तेच दाखवून दिलं. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९६२ च्या हिवाळ्यात नेमकं ते घडलं. तुझ्या अभ्यासक्रमात १९६२ असेलच. हा कागद असतो का, ते बघ. नसेल तर सरांना विचार.

आता पहिला प्रश्न. हो, सैन्यात न जाता हे काम करता येतं. कारगिलनंतरच्या आढावा समितीचे अध्यक्ष के. सुब्रह्मण्यम कधी वर्दीत नव्हते, ते सनदी अधिकारी होते. त्यांनी दिल्लीच्या आयडीएसए या संरक्षण अभ्यासाच्या संस्थेचं संचालकपद दोनदा सांभाळलं. १९६५ साली सुरू झालेली ती संस्था आता माजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांच्या नावानं ओळखली जाते. कारगिलनंतरच्या त्या फेरविचारातूनच तिन्ही दलांसाठी एक प्रमुख असावा ही शिफारस पुढं आली. तो प्रमुख प्रत्यक्षात आला १ जानेवारी २०२० ला, जनरल बिपिन रावत. वीस वर्षं लागली. या कामात एवढा धीर लागतो, ते आधीच सांगून ठेवतो.

निवृत्त अधिकाऱ्याच्या कामाचं एक चांगलं उदाहरण लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकरांचं. २०१६ मध्ये पर्रीकरांनी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली: खर्च न वाढवता सैन्याची धार कशी वाढवायची. त्यांनी डिसेंबरात अहवाल दिला. पुढच्या वर्षी पहिल्या टप्प्यात ६५ शिफारशी मान्य झाल्या, सुमारे ५७,००० पदं लढाईच्या कामाकडं वळवायचं ठरलं. लष्करी डेअऱ्या बंद करण्यासारख्या गोष्टीही त्यात होत्या. या ओळी वाचायला रुक्ष आहेत, पण असा आकडा काढायला एकेका तुकडीत कोण काय काम करतो हे माहीत असावं लागतं. तू चाळीस वर्षं नोकरी केलेली नसशील, म्हणून तुझी ताकद दुसरीकडं असायला हवी. आकडे वाचायला शीक. संसदेच्या संरक्षण स्थायी समितीचे आणि सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे अहवाल इंटरनेटवर फुकट आहेत. एकच विषय धर, दारूगोळ्याचा साठा धर किंवा सीमेवरचे रस्ते धर, आणि दहा वर्षांचे अहवाल ओळीनं वाच. एम.ए.साठी पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग आहे. इंग्रजी लागेलच, पण मराठीतही लिहीत राहा. हिंगोलीतल्या माणसाला आपला पैसा कुठं जातो ते कळलं पाहिजे. वर्षभरानं मला पुन्हा पत्र लिही, कोणता विषय धरलास ते सांग.

जालन्याहून एकजण: महाराष्ट्रात एवढे दारूगोळा कारखाने, मराठवाड्यात एकही का नाही?

खडकीचा कारखाना १८६९ चा, इंग्रजांचा. आपण तेव्हा निजामाकडं होतो आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तसेच राहिलो. नंतरचे भंडारा, चंद्रपूरचे कारखाने विदर्भात गेले. २०१८ मध्ये घोषित झालेले संरक्षण उद्योगांचे दोन कॉरिडॉर उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूला मिळाले. सरकारी कारखान्याची वाट बघत बसू नये असं माझं मत आहे. शेंद्रा, बिडकीन, वाळूजला यंत्रं आहेत, हात आहेत. वरच्या पहिल्या पत्रासारखे पन्नास जण उभे राहिले तर मला ते जास्त आवडेल.

एक लेफ्टनंट कर्नल, मूळ गाव कंधार, सध्या पूर्वेकडं: पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. धोरण अभ्यास की कंपनी? आत्तापासून काय करू?

आत्तापासून एकच करा: कंपन्यांच्या माणसांबरोबर जेवायला जाऊ नका. उरलेल्या वर्षात तुमच्या सहीवर कुणाची तरी नजर असेल. निवृत्तीनंतर ठरावीक काळात खासगी नोकरी घ्यायची तर सरकारची परवानगी लागू शकते. निवृत्तीच्या कागदांत तो नियम असतो, नीट वाचा आणि अर्ज वेळेत करा. पेन ड्राइव्हमध्ये कुठलीही नोंद घेऊन घरी येऊ नका, स्वतः लिहिलेली टिपणंसुद्धा नाही. ती तुमची नाहीत.

निवृत्त सैनिकांसाठीच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम आहेत, चांगल्या व्यवस्थापन संस्थांत असतात. जागा मिळाली तर करा. मला तिथं ताळेबंद वाचायला शिकवलं, ते आजही उपयोगी पडतं. अभ्याससंस्थेत मानधन बेताचं असतं, दिल्लीचं भाडं त्यात जातं. पण दोन वर्षं तिथं काढाच असं सांगेन. पंचवीस वर्षं आपण हुकूम लिहितो. तिथं पहिल्यांदा आपल्या म्हणण्याला पुरावा मागतात. माझा पहिला लेख संपादकबाईंनी लाल शाईनं भरून परत दिला होता, प्रत्येक परिच्छेदाशेजारी एकच शब्द: कशावरून? तो कागद मी जपून ठेवला आहे. अशा अभ्याससंस्थांत १८७० पासून चालू असलेली यूएसआय आहे, २००४ पासूनची क्लॉज आहे, आणि दिल्ली नको असेल तर पुण्यात १९९२ पासूनचं सीएएसएस. चिठ्ठी-शिफारस नको, लिहिलेलं काहीतरी घेऊन जा. आणि कार्डावर हुद्दा नावाआधी, 'निवृत्त' नावानंतर. ते शेवटपर्यंत तसंच लिहा, गाळू नका.

उदगीरचे एक माजी सुभेदार: साहेब, रामराम. हे सगळं अफसरांचंच आहे का? मी २८ वर्षं तोफखान्यात होतो, त्यातली बरीच तोफेच्या दुरुस्तीवर. आता घरी शेती बघतो. आमच्या शिकण्याचं कुणाला काही पडलेलं नाही.

सुभेदारसाहेब, रामराम. तुमचं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण त्यावर मला फार वेळ विचार करावा लागला.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी ज्या कंपन्यांत गेलो तिथं माझ्यासारखे कर्नल-ब्रिगेडिअर होते, जेसीओ, म्हणजे तुमच्यासारखे सुभेदार, क्वचित. पण वर मी त्या हवालदाराचं सांगितलं. तोफेचं ब्रीच थंडीत का अडकतं, रिकॉइलचं तेल कुठून झिरपतं, कोणता नट पान्याला हात न पुरल्यामुळं कुणी कधी घट्ट करतच नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला ते तुमच्यासारख्यांनी सांगितलं म्हणून ठाऊक झालं. दिल्लीत मी लिहिलेल्या गरजांपैकी ज्या टिकल्या, त्यातल्या कितीतरी मुळात एखाद्या सुभेदारानं चहा पिताना बोलून दाखवलेल्या होत्या. त्यांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत. ही आमची चूक आहे, आणि आता मला जमेल तेवढी ती सुधारायची आहे.

तुम्हाला इंग्रजी अहवाल लिहावा लागणार नाही. वस्तू हातात घेऊन ती कुठं बिघडेल ते सांगा, लिहायला मी बसतो. फी दिवसाची, माझ्याइतकीच, मी तसं समोरच्याला आधी सांगेन. वाळूजच्या त्या वर्कशॉपच्या मालकांना मी पत्रानं विचारलं आहे. त्यांना हार्नेसचा पहिला नमुना दाखवायला माणूस हवा आहे, आणि उदगीरहून संभाजीनगरला यायचं भाडं ते देतील. सोयाबीनची काढणी झाली की कोणता दिवस जमेल ते संपादकांच्या पत्त्यावर कळवा. येताना तुमचे हिवाळ्याचे हातमोजे असतील तर घेऊन या.